आभाराच्या वळणावर मागे गेलेली गाडी

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यातल्या गाईंचाही बसला नाही, आणि गाई तर काहीही निमूटपणे ऐकून घेतात. सायलस वेन नावाच्या हेराचे सिनेमे तुम्ही पाहिले असतील. त्या सगळ्या सिनेमांत मिळून सर्वांत शूर गाडी कोणती, या प्रश्नावर मोठमोठी माणसं वर्षानुवर्षं भांडत आली आहेत. चहाचे कप आपटून भांडली, सख्खे भाऊ अबोला धरून बसले. आणि उत्तर तुमच्यासमोर उभं आहे. मी! एक जुनी, बुटकी, मागच्या बाजूला लाकडी चौकट असलेली गाडी. रंग एके काळी ताज्या सायीसारखा होता. आता चहात पडलेल्या सायीसारखा आहे.

माझ्या शेजारी ती हिरवी, लांब नाकाची, बिनछपराची गाडी दिसते ना? तिला उठवू नका. दुपारची झोपते. जागी असली की मध्ये मध्ये बोलते.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पुढचा भाग पत्र्याच्या कारागिरांनी केला आणि मागचा सुतारांनी. दोघांचं आपसात अजिबात पटत नसे. म्हणून आजही मी पुढून घाईत असते आणि मागून निवांत. सुतारांनी माझ्यासाठी जे लाकूड वापरलं ते फार ताजं होतं. इतकं ताजं, की दर वसंतात माझ्या मागच्या दाराला पालवी फुटायची. ओल्या वर्षी खिडकीच्या कडेला अळंबी उगवायची. माझ्या मालकीणबाई सकाळी फडकं घेऊन यायच्या त्या गाडी पुसायला नव्हे, नाश्त्याला अळंबी तोडायला.

या मालकीणबाई म्हणजे सिस्टर मर्टल लस्कम. गावोगाव फिरणाऱ्या नर्स. आजूबाजूच्या खेड्यांतली निम्मी माणसं त्यांच्या हातांत जन्मली आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांची बोलणी खाल्ली. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की डॉक्टरसुद्धा दार वाजवून आत येत. त्यांची एक सवय होती. कोणी रेंगाळलं की दोन बोटांनी मनगटावरच्या घड्याळावर टकटक करायचं. बोलायचं काही नाही. नुसतं टकटक. डॉक्टर, पाद्री, गाई, आणि जन्माला यायला उशीर करणारी बाळं, सगळ्यांना तीच टकटक.

आम्ही दोघी दिवसभर गल्ल्यांमधून धावायचो. गल्ल्या म्हणजे काय, दोन उंच हिरव्या बांधांमधली फट. मधोमध गवत. समोरून कोणी आलं की दोघांपैकी एकाने मागे जायचं, जागा जरा रुंद होईल तिथे अंग चोरून उभं राहायचं आणि दुसऱ्याला वाट द्यायची. पुढे जाणाऱ्याने आभार म्हणून हात वर करायचा. हात नाही तर निदान स्टीअरिंगवरचं एक बोट तरी. एखाद्याने हात केला नाही, तर तो घरी पोहोचायच्या आत त्याची कीर्ती पोहोचलेली असते. एका माणसाने एकदा सिस्टरना हात केला नाही. पुढे त्याला दाढदुखी झाली, तेव्हा सबंध गाव म्हणालं, होणारच.

असो. एका वसंतात सिनेमावाले आले. आमच्या गल्लीत त्यांना पाठलाग घ्यायचा होता. वरून सायलस वेन हिरव्या गाडीतून सुसाट येणार, मागून काळ्या गाडीतून त्याचे वैरी गोळ्या झाडत येणार. गल्लीच्या वरच्या तोंडाला त्यांनी माणूस उभा केला आणि खालच्या तोंडाला दोरी बांधली. ती दोरी एका वासराने खाल्ली. इथे तुम्ही हसलात तरी चालेल, पण वासरू खरं होतं.

त्याच वेळी वरच्या शेतावरून निरोप आला की पेदिब्रिजांच्या सूनबाईंना कळा सुरू झाल्या आहेत. सिस्टर आणि मी खालून निघालो. वळणावर येतो तोच समोर हिरवी! तिच्या मागे काळी! धूर, ठो ठो आवाज, किंकाळ्या. सिस्टर म्हणाल्या, “लग्नाला निघालेले दिसतायत, आणि पिऊनही.” वाद घालायला वेळ नव्हता. त्यांनी मान मागे वळवली, एक हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि मला मागच्या मागे सोडलं. वळणावरून खाली, बांधाच्या एका पानालाही न लागता, थेट शेताच्या फाटकाच्या खोबणीत.

हिरवी सुर्रकन गेली. आणि जाता जाता तो नट, हेराचा मुखवटा, मागून गोळ्या, पुढे मृत्यू, अशा अवस्थेत सवयीने हात वर करून गेला. शेवटी तोही आमच्याच बाजूच्या कुठल्याशा खेड्यातला. पण खरी गंमत पुढे आहे. मागून काळी आली. तिच्यातल्या खलनायकाने बंदूक काखेत धरली आणि त्यानेही हात वर केला! यावर सिस्टरनी काय केलं? मनगटावर टकटक.

दिग्दर्शक म्हणे आधी रडला, मग हसला आणि मग त्याने ते दृश्य तसंच ठेवलं. सिनेमागृहात लोक त्या क्षणाला उभे राहून टाळ्या वाजवत. तेव्हापासून आमच्या त्या वळणाला आभाराचं वळण म्हणतात. माझी नंबरप्लेट चिखलाने माखली होती आणि काचेवर ऊन होतं, म्हणून सिस्टरचा चेहरा कोणाला दिसला नाही, दिसली ती फक्त मनगटावरची टकटक. त्यांनीही कोणाला मुद्दाम सांगितलं नाही. सांगायला वेळच कुठे होता, सतत कोणीतरी जन्माला येत होतं.

मग वर्षं गेली. सिस्टर निवृत्त झाल्या. मी पेदिब्रिजांच्या खालच्या गोठ्यात उभी राहिले. कोंबड्यांनी माझ्या मागच्या बाकावर अंडी घातली. एका चिमणीने माझ्या दिव्यात घरटं केलं आणि तिच्या नातींनी ते मोठं केलं. सिस्टर आठवड्यातून एकदा यायच्या, आत बसायच्या, स्टीअरिंग धरायच्या आणि कोंबड्यांना टकटक करून जायच्या. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. लाकूड आतून भुसभुशीत होत होतं. अळंबीसुद्धा आता चवीला बरी लागत नव्हती.

एके दिवशी सिस्टरची भाची रोवेना आली. प्रेमळ मुलगी, पण व्यवहारी.

“आत्या, गोठा विकला गेलाय. तिथे सुट्टीला येणाऱ्यांसाठी घरं होणारेत. गाडी हलवायला हवी.”

“हलव की मग.”

“कुठे? तुझ्या नव्या घराला अंगण नाही. बाल्कनीत ठेवणारेस? मी एका माणसाशी बोललेय. जुन्या गाड्या सुट्या करतो तो. दार एकाला, दिवे दुसऱ्याला, लाकूड तिसऱ्याला. म्हणजे वाया काही जायचं नाही.”

“मी मेल्यावर माझंही असंच करणारेस का? गुडघे एकाला, दात दुसऱ्याला?”

“आत्या!”

पण दिवस ठरला. तो माणूस सोमवारी येणार होता. मित्रांनो, सुटं होणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळणार नाही. माझं दार एका गावात उघडणार, माझे दिवे दुसऱ्या गावात लागणार, आणि मी कुठेच नसणार.

आता आशा एकच होती. आमच्या गावात सायलस वेनच्या चाहत्यांचं मंडळ आहे. ज्या वखारीत तुम्ही आत्ता उभे आहात ती त्यांची. पूर्वी इथे सफरचंदाची दारू गाळत, अजूनही भिंतींना वास येतो. कोरडी आहे, कोपऱ्यात शेगडी आहे, आणि एका गाडीची जागा रिकामी होती. पण मंडळाचा नियम कडक. वखारीत जागा मिळणार ती फक्त सिनेमात दिसलेल्या गाडीला. मंडळाचं वार्षिक संमेलन नेमकं त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी होतं. सिस्टरनी टोपी चढवली आणि गल्ली चढून गावच्या हॉलवर गेल्या.

मी तिथे नव्हते. पण हॉलची खिडकी उघडी होती आणि वारा माझ्या दिशेने होता. गाडीला कान नसतात असं म्हणाल, तर तोंडही नसतं, आणि तुम्ही इतका वेळ ऐकताय.

हॉलमध्ये नेहमीचं युद्ध चाललं होतं. एका बाजूला मंडळाचे अध्यक्ष डेन्झिल यिओ, पूर्वी प्लिमथला बस चालवणारे, आता या हिरवीचे मालक. दुसऱ्या बाजूला प्रुडन्स हॅनफर्ड. शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांचा जीव वेनच्या दुसऱ्या एका सिनेमातल्या काळ्या शवगाडीवर, जिच्यातली शवपेटी पाण्यात पडली की होडी व्हायची. टॅमझिन नावाची बाई दोन्ही बाजूंना चहा आणि साय लावलेले स्कोन नावाचे गोड पाव वाढत होती.

“हिरवीने समुद्राच्या कड्यावरून उडी मारली!” डेन्झिल ओरडले.

“उडी मारली? पडली, डेन्झिल. उडी मारणं आणि पडणं यात फरक असतो.”

“आणि तुझ्या शवगाडीचं कर्तृत्व काय? हळू चालणं?”

“दिमाखात चालणं. तुला जमणार नाही. तू बस चालवत होतास तेव्हा लोक उतरून चालत जायचे.”

“तुमचं झालं असेल,” सिस्टर म्हणाल्या, “तर मी बोलते. आभाराच्या वळणावर मागे गेलेली ती लाकडी गाडी माझी. आत मी होते. गाडी खाली गोठ्यात उभी आहे. तिला तुमच्या वखारीत जागा द्या.”

हॉलभर नजरानजर. मग हशा. टॅमझिनने किटली जरा जोरातच खाली ठेवली, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

डेन्झिल उठले. “सिस्टर, तुमचा मान राखून सांगतो. त्या गाडीत कसलेला स्टंटवाला होता. बाईचा टोप घालून. त्या वळणावरून तसं उलटं जाणं हे साध्या माणसाचं काम नाही.”

“मी साधी माणूस आहे असं तुला सांगितलं कोणी?”

“नंबर काय होता गाडीचा?” प्रुडन्सनी विचारलं.

“चिखल होता वर.”

“आणि चेहरा?”

“काचेवर ऊन होतं.”

“फार सोयीचं ऊन हो.”

“आणि ती मनगटाची खूण?” मागून कोणीतरी म्हणालं. “आमच्यात त्यावर केवढे तट आहेत. काही म्हणतात बॉम्बची वेळ. काही म्हणतात ती दुसऱ्या देशाची हेर होती, आणि तो सांकेतिक...”

“अरे बाबांनो, मूल येत होतं! मला उशीर होत होता!”

आता तर लोक पोट धरून हसले. डेन्झिलनी डोळे पुसले. “मूल! काय पण कल्पना! सिस्टर, एवढा छान खुलासा आजवर कोणीच केला नव्हता. पण पुरावा हवा हो. पुराव्याशिवाय जागा दिली, तर उद्या पोस्टमनही म्हणेल की माझी सायकल सिनेमात होती.”

“बसा इथेच,” सिस्टर म्हणाल्या. “गाडीच आणून दाखवते.”

त्या तडक खाली आल्या. कोंबड्यांना बाहेर काढलं. रोवेनाने सोमवारसाठी बॅटरी भरून ठेवली होती, तेवढं बरं झालं. किल्ली फिरवली. एकदा खोकले, दोनदा खोकले, आणि मग मित्रांनो, मी अशी गरजले की गोठ्याच्या छपरावरची कौलं उलटी होऊन पुन्हा सुलटी झाली! सिस्टरनी माझ्या कपाळावर, म्हणजे स्टीअरिंगच्या वरच्या फळीवर, थाप मारली. “चल बाई. एकदाच. मग वाटेल तेवढी झोप.”

आम्ही गल्ली चढू लागलो. आणि वर काय घडलं होतं? मंडळी बसून राहिली नव्हती. संमेलनाच्या दिवशी जेवणाआधी सगळ्या गाड्या काढून आभाराच्या वळणावर जायचं आणि फोटो काढायचे, अशी त्यांची रीत. पुढे हिरवी, तिच्यात डेन्झिल. तिच्या मागे शवगाडी, तिच्यात प्रुडन्स. त्यांच्या मागे चकाकत्या गाड्यांची रांग. ती रांग वरून आली, आम्ही खालून आलो, आणि बरोबर वळणावर नाकाला नाक भिडलं.

“सिस्टर! मागे घ्या!” डेन्झिल ओरडले.

“तू घे. मी तुमच्यासाठीच वर येतेय.”

“माझ्यामागे अख्खी वरात आहे हो!”

“काय झालं, डेन्झिल?” मागून प्रुडन्सचा आवाज.

“सिस्टर आल्यात! तू जरा मागे जा!”

“माझ्या गाडीत मागचं काही दिसत नाही! मागे फुलं आहेत!”

“मग मागच्याला सांग!”

“तो म्हणतो त्याने कालच रंग दिलाय. बांधाला घासला तर घरी घेणार नाहीत त्याला.”

हे पाहा, शूर गाड्यांवर जन्मभर वाद घालणारी ही माणसं. कड्यावरून उडी कशी मारावी हे त्यांना तोंडपाठ. पण त्या सबंध रांगेत हातभर मागे जायला एकजण तयार नव्हता. भोंगे वाजू लागले. कोणीतरी गाडीतूनच कोणाच्या तरी आईची चौकशी केली. बांधावरच्या गाई जमून बघू लागल्या.

सिस्टरनी एकदा वर बघितलं. हॉल तिथे होता, रांगेच्या पलीकडे. पुढे जाता येत नव्हतं, म्हणजे पुरावाही वर पोहोचणार नव्हता, आणि सोमवार काही वाट बघणार नव्हता. त्यांनी एक उसासा सोडला. मग मान मागे वळवली आणि एक हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला.

आणि मित्रांनो, मी निघाले. मागच्या मागे! माझं इंजिन सिंहासारखं गरजत होतं. एवढं, की चर्चच्या मनोऱ्यातली घंटा आपोआप वाजू लागली. वळण आलं तसं माझं लाकडी अंग झुकलं, बांधावरची फुलं खिडकीजवळून सरकत गेली, आणि आम्ही थेट फाटकाच्या खोबणीत. त्याच फाटकाच्या. चाकांना जागा आठवत होती.

हिरवी पुढे आली. आणि डेन्झिलचा हात वर गेला. त्यांनी केला नाही, तो गेला. आमच्याकडच्या माणसाचा जातोच. मागून शवगाडी आली, प्रुडन्सचा हात वर. तिच्या मागची गाडी, हात वर. पण डेन्झिलनी आमच्याकडे पाहिलं आणि त्यांची गाडी रेंगाळली. तोंड उघडं, डोळे मोठे, वेग गोगलगायीचा.

सिस्टरना रेंगाळणं कधीच सहन झालं नाही. त्यांची दोन बोटं आपोआप उठली. टकटक.

हिरवीने असा ब्रेक मारला की मागची सगळी रांग एकमेकींच्या पाठीला नाक लावून थांबली. डेन्झिल खाली उतरले. चालत आले. टोपी काढली. खिडकीपाशी वाकले आणि सिस्टरच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

मग हळूच म्हणाले, “सिस्टर... ते मूल. मुलगा झाला की मुलगी?”

“मुलगी. टॅमझिन. सकाळपासून तुला चहा वाढतेय ती.”

डेन्झिल मटकन माझ्या बॉनेटवर बसले. बॉनेट जरा चेपलं. ती खूण अजून आहे, ही बघा. मागून प्रुडन्स विचारत होत्या, “काय झालं? काय म्हणतात त्या?” आणि डेन्झिल सारखं एकच म्हणत होते, “मूल येत होतं, प्रुडन्स. अगं, खरंच मूल येत होतं.”

सोमवारी तो माणूस आला तेव्हा गोठ्यात फक्त कोंबड्या होत्या. रोवेनाने त्याला चहा पाजून परत पाठवलं. मी इथे होते. टॅमझिनच्या नवऱ्याने माझं सडकं लाकूड काढून नवं बसवलं, चिमणीच्या घरट्याला हात न लावता. सिस्टर दर रविवारी येतात, आत बसतात. हल्ली तुमच्यासारखी मुलं आली की त्यांनाही टकटक करतात, पण रागावून नव्हे.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कोपऱ्यात काही जुनं उभं असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला सुटं करण्याआधी एकदा त्याची गोष्ट विचारा. थोडी फुगवून सांगेल, तेवढं सोसा. आणि रस्त्यात कोणी तुमच्यासाठी मागे सरकलं, तर हात वर करायला विसरू नका. तुम्ही कितीही घाईत असा. मागून गोळ्या येत असल्या तरीसुद्धा.

हो, एक सांगायचं राहिलंच. त्या संध्याकाळी मतदान झालं. सर्वांत शूर गाडी कोणती? सगळ्यांनी उभं राहून, एकमताने, माझं नाव...

“खोटं!”

झालं. हिरवी उठली.

“सपशेल खोटं! मतं मला पडली. दरवर्षी मलाच पडतात. तुझं तर नावही नव्हतं मतदानात.”

बरं बाई. मतांचं राहू दे. पण माझं ते इंजिन, ती गर्जना, ती आपोआप वाजलेली घंटा...

“घंटा? रविवार होता, वाजणारच ती! आणि कसलं इंजिन? मुलांनो, हिचं इंजिन बंद पडलं होतं! वळणावर मला बघितलं आणि एक उचकी देऊन गप्प झालं. मी समोर उभी होते, मला विचारा. काही गरजलं नाही, काही नाही. म्हातारीनं नुसता हँडब्रेक सोडला, आणि त्या उतारावर, इंजिनाशिवाय, आवाजाशिवाय, मागच्या मागे... एका पानाला न लागता गेलात गं तुम्ही दोघी.”